सन मराठी, सोनी मराठी आणि नानांच्या सातच्या बातम्या

सन मराठी आणि सोनी मराठी या दोन नावांत फरक किती? रोमन लिपीत लिहून बघा. पहिल्यातल्या 'यू'च्या जागी 'ओ' घाला, 'एन'पुढे एक 'वाय' बसवा, की झाली सन मराठीची सोनी मराठी. दोन अक्षरांचं काम. आता डीडी सह्याद्री आणि दूरदर्शन सह्याद्री घ्या. इथे एकाचं दुसरं करायला नऊ अक्षरं नव्यानं घालावी लागतात. आमच्या घरातलं कुणीही सांगेल की पहिल्या जोडीत दोन वेगळ्या वाहिन्या आहेत आणि दुसरीत एकच. टीव्हीवरच्या वाहिन्यांना इंटरनेटवरून आलेलं वेळापत्रक जोडताना संगणकाला मात्र 'नावं साधारण सारखी दिसली तर जुळव' एवढंच सांगितलं, तर तो बरोबर उलटं करतो. सह्याद्रीला पोरकं ठेवतो आणि सन मराठीवर सोनी मराठीचं वेळापत्रक चिकटवून मोकळा होतो.

अक्षरं मोजून नावांतलं अंतर काढायची ही रीत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी ती १९६५ साली मांडली, पण कशासाठी? संदेश पाठवताना मधे एखादं चिन्ह गळलं, घुसलं किंवा बदललं तर ते दुरुस्त कसं करायचं, यासाठी. म्हणजे दोन रूपांपैकी एक बरोबर आणि दुसरं त्याचंच बिघडलेलं, हे तिथे गृहीत आहे. वाहिन्यांच्या नावांत तसं काहीच बिघडलेलं नसतं. सन बरोबर आहे, सोनी बरोबर आहे, डीडी बरोबर आहे आणि दूरदर्शनही बरोबर आहे. तरी सॉफ्टवेअरमधलं 'आपोआप जुळवा' हे बटण बरेचदा याच मोजणीच्या भावकीतलं काहीतरी करत असतं. मी ते आता दाबतच नाही.

थोडं घरचं सांगते, नाहीतर हे सगळं कशासाठी ते कळायचं नाही. मी कराडजवळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गच्चीवर डीडी फ्री डिशची तबकडी आहे, ९३.५ अंश पूर्वेला, जीसॅट-१५ कडे तोंड करून. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली आणि तिला महिन्याचं भाडं नाही, हे सासऱ्यांना, म्हणजे नानांना, आजही कौतुकाचं वाटतं. धाकट्या दिरांनी अमेरिकेला जाताना मागे ठेवलेल्या डेस्कटॉपमध्ये माझ्या लेकानं उपग्रह ट्यूनरचं कार्ड बसवलं, त्यावर टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर चढवलं आणि वाहिन्या घरभर वायफायवरून फिरायला लागल्या. नानांच्या खोलीतल्या टीव्हीला मागून रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक लावलाय, त्यावर कोडी हे वाहिन्या आणि गाइड दाखवणारं सॉफ्टवेअर चालतं. हॉलमध्येही कोडी. माझ्या फोनवर जेलीफिन, तसंच दुसरं सॉफ्टवेअर, स्वयंपाक करताना ऐकायला. मग लेक पुण्याला शिकायला गेला. यंत्रणा इथेच राहिली, आणि जाताना त्यानं सांगितलं, "आई, गाइडचं तेवढं तू बघ. तुझ्याच कामासारखं आहे."

तेव्हा मला वाटलं होतं, पोरगं काम टाळतंय. पण त्याचं बरोबर होतं.

गाइड म्हणजे टीव्हीवर येणारं वेळापत्रक: डावीकडे वाहिन्यांची नावं, वर वेळ, मधे कार्यक्रमांचे खोके. हे दोन वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतं. एक वाट सिग्नलमधूनच येते. डीव्हीबी या डिजिटल पद्धतीच्या प्रसारणात चित्र-आवाजाबरोबर 'ईआयटी' नावाचा एक तक्ता पाठवायची सोय आहे. तो सिग्नलमधल्या त्याच्या ठरलेल्या वाटेनं, पीआयडी १८ वर, येतो, आणि त्यात कुठला कार्यक्रम कुठल्या वाहिनीचा हे नावानं सांगितलेलंच नसतं. तीन आकडे असतात: मूळ नेटवर्कचा क्रमांक, ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचा, म्हणजे एकत्र बांधून पाठवलेल्या वाहिन्यांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक आणि सेवेचा, म्हणजे त्या गठ्ठ्यातल्या एकेका वाहिनीचा, क्रमांक. तीनही जुळले की वाहिनी तीच. नाव काही का असेना. ही पद्धत ठरवणाऱ्यांना माझा नमस्कार. पण तक्ता किती भरून पाठवायचा हे पाठवणाऱ्यावर. आठ दिवसांचं वेळापत्रकही पाठवता येतं, नुसता 'आत्ता' आणि 'नंतर' पाठवूनही भागतं, आणि काहीच न पाठवलं तरी चित्र दिसायचं थांबत नाही. उद्याचा कार्यक्रम रेकॉर्डिंगला लावायचा तर 'आत्ता' आणि 'नंतर' कामाचे नाहीत.

म्हणून दुसरी वाट धरावी लागते: इंटरनेटवरून येणारी एक्सएमएलटीव्ही फाइल. साधी मजकुराची फाइल असते. आधी वाहिन्यांची यादी, प्रत्येकीला एक आयडी आणि दाखवायचं नाव. मग कार्यक्रमांच्या हजारो नोंदी. प्रत्येकीत सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, वाहिनीचा आयडी आणि शीर्षक. दुसरीकडे आपल्या वाहिन्यांची यादी असते, ती एम-थ्री-यू फाइलमध्ये. तिथे प्रत्येक वाहिनीच्या ओळीत 'टीव्हीजी-आयडी' नावाचा एक कप्पा असतो. हा आयडी आणि तो आयडी एकच असला की खोके भरतात. कोडीमध्ये या फाइली वाचणारा जोडप्रोग्राम, आयपीटीव्ही सिंपल क्लायंट, आधी हेच बघतो. नाही जुळलं तर 'टीव्हीजी-नेम' घेऊन दाखवायच्या नावाशी ताडून बघतो, तेही नसेल तर वाहिनीचं साधं नाव. लहान-मोठ्या लिपीतला फरक सोडून द्यायचा पर्यायही त्यात आहे.

ऐकायला सोपं. पण या दोन फाइली लिहिणारे एकमेकांना कधी भेटलेले नसतात. टीव्हीहेडएंड स्वतः जी यादी बाहेर देतं, तिच्यात आयडीच्या जागी अंक-अक्षरांची लांबलचक साखळी असते, त्यानं स्वतःच पाडलेली. वाहिन्या पुसून पुन्हा स्कॅन केल्या की साखळ्या नव्या, आणि आधीचं सगळं जुळवलेलं पाण्यात. गाइडच्या फाइलीत आयडी म्हणून बहुतेक वेळा वाहिनीचं नावच असतं, शब्द जोडून, पुढे टिंब आणि देशाची दोन अक्षरं. वाचायला फार छान. आणि इथेच सगळी गोम आहे, कारण आपल्या वाहिन्या नावं बदलतात.

मोजा तुम्हीच. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी आली, २००५ मध्ये तिची झी मराठी झाली. २००० सालची ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. स्टार माझा २०१२ मध्ये एबीपी माझा झालं. आयबीएन लोकमतचं न्यूज१८ लोकमत झालं. आणि सरकारी म्हणून सह्याद्री तरी स्थिर असेल म्हणावं, तर ती १९९४ मध्ये डीडी-१० म्हणून सुरू झाली होती. सह्याद्री हे नाव २००० सालचं. नानांच्या पिढीला तर ती अजून 'मुंबई दूरदर्शन'च आहे, १९७२ च्या २ ऑक्टोबरपासून. नाव बदललं की पडद्यावरचा लोगो त्याच दिवशी बदलतो. पण कुणीतरी कधीतरी बनवून ठेवलेल्या फाइलींमधले आयडी तसेच राहतात, कारण ते बदलले तर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचं जुळवलेलं तुटतं. मग एका फाइलीत जुनं नाव, दुसऱ्या फाइलीत नवं, तिसरीत दोन्ही. माझ्याकडे आलेल्या एका फाइलीत कलर्स मराठीचे कार्यक्रम ईटीव्हीच्या आयडीखाली व्यवस्थित, अगदी आजच्या तारखेचे, मांडलेले होते. मजकूर ताजा आणि पाटी जुनी.

ग्रंथालयात हे दुखणं आम्हाला पाठ असतं. कुणी 'गोविंदाग्रज' मागतं, कुणी 'राम गणेश गडकरी' मागतं, कुणी नुसतं 'गडकरी मास्तर' म्हणतं. पुस्तकं एकाच माणसाची. म्हणून तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, एक पत्र (कार्ड) असतं: 'गोविंदाग्रज – पाहा: गडकरी, राम गणेश'. त्या पत्रावर पुस्तक नसतं, फक्त रस्ता असतो. आणि पुस्तकाची खरी ओळख त्याच्या नावात नसतेच, दाखल क्रमांकात असते. पुस्तक आलं की नोंदवहीत पुढचा आकडा पडतो. त्या आकड्याला काही अर्थ नसतो, आणि तेच त्याचं मोठेपण. पुठ्ठा फाटला, बांधणी नवी केली, कपाट बदललं, वर्गीकरण सुधारलं, तरी आकडा तोच. अर्थ असलेली गोष्ट बदलावी लागते. अर्थच नसेल तर बदलायला कारण उरत नाही.

मी घरच्या वाहिन्यांनाही दाखल क्रमांक दिले. स्प्रेडशीटमध्ये एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात माझा क्रमांक: एक, दोन, तीन, जशा येतील तशा. दुसऱ्यात आम्ही घरात जे नाव घेतो ते. तिसऱ्यात सिग्नलमधले ते तीन आकडे. चौथ्यात गाइडच्या फाइलीतले आयडी. एकाहून जास्त असले तर सगळे. पाचव्यात आजवरची सगळी नावं, सगळ्या लिहिण्याच्या तऱ्हांसकट. शेवटच्यात तारीख आणि शेरा, म्हणजे हे कधी तपासलं आणि काय दिसलं. लेकाकडून एक छोटी स्क्रिप्ट लिहून घेतली. ती रोज पहाटे दोन्ही फाइली वाचते, दोन्हींमधले आयडी काढून तिथे माझे क्रमांक घालते आणि कोडीला व जेलीफिनला त्या नव्या फाइली देते. तक्त्यात नसलेली वाहिनी दिसली तर ती जुळवायचा प्रयत्न करत नाही. तिचं नाव एका वेगळ्या यादीत टाकते, मी चहा घेताना ती यादी बघते.

एक्सएमएलटीव्हीच्या रचनेत एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: एका वाहिनीला दाखवायची नावं हवी तेवढी देता येतात. एकच हवं असं बंधन नाही. ती नावं कुठल्या भाषेतली हेही सांगता येतं. म्हणजे 'पाहा' पत्रांची सोय रचनेतच आहे! मी सगळी जुनी-नवी नावं तिथे ओतते. त्यामुळे उद्या माझी स्क्रिप्ट बंद पडली तरी कोडी नावावरून बरंचसं सावरून घेतं.

लिहिण्याच्या तऱ्हा म्हणजे काय, ते पाचवा रकाना बघितल्याशिवाय पटणार नाही. फक्त मराठी: 'के'नं लिहिलेली आणि 'सी'नं लिहिलेली. शेमारू मराठीबाणा: शेवटचा शब्द एकसंध आणि 'मराठी' 'बाणा' तोडून. झी चोवीस तास: आकड्याआधी जागा सोडून, न सोडता, आणि झी गाळून. ही शेवटची फार लबाड, कारण झीची २४ घंटा नावाची बंगाली बातमीवाहिनी आहे. 'झी' आणि '२४' जुळले म्हणून खूश झालेलं सॉफ्टवेअर साताऱ्याच्या बातम्यांवर कोलकात्याचं वेळापत्रक बसवू शकतं. आणि 'मराठी' हा शब्द तर जुळवणीच्या दृष्टीनं नसल्यासारखाच. सगळ्यांच्यात आहे, त्यामुळे कुणाचीच ओळख पटवत नाही, फक्त सगळ्यांना एकमेकींच्या जवळ ओढतो.

मग वाहिनीच्या नंबरावरून जुळवावं, असं काहींना वाटतं. सॉफ्टवेअरही तो पर्याय देतं. आपल्याकडे तो चालत नाही, कारण नंबर प्रत्येक सेवेचा आपापला. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१७ च्या नियमांत आहे की गाइडमध्ये एका भाषेच्या एका प्रकारातल्या वाहिन्या सलग दाखवायच्या, एक वाहिनी एकाच ठिकाणी आणि प्रत्येकीला स्वतंत्र नंबर. चांगला नियम आहे, पण तो नंबर त्या सेवेपुरता. शेजारच्या काकूंच्या डीटीएचवर जी वाहिनी चार आकडी नंबरावर आहे, ती आमच्याकडे दोन आकडीत. देशभर चालेल असा एकच क्रमांक प्रेक्षकाच्या हातात नाही.

अमेरिकेत हे कसं चालतं ते दिरांना विचारलं. ते न्यू जर्सीत अँटेना लावून फुकट वाहिन्या बघतात. तिथे झॅप-टू-इट लॅब्ज नावाची सेवा हौशी लोकांना वेळापत्रक फुकट द्यायची, ती सप्टेंबर २००७ मध्ये बंद झाली. तेव्हा या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी मिळून स्केड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था उभी केली, वर्गणी घेऊन वेळापत्रक पुरवणारी. तिच्या यादीत प्रत्येक केंद्राला एक नुसता आकडा असतो, ज्याला नावाशी काही देणंघेणं नाही. "म्हणजे दाखल क्रमांकच की!" मी म्हटलं. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही टीव्ही बघता की हजेरी घेता?"

वेळेचं प्रकरण वेगळंच आहे. एका सकाळी नाना म्हणाले, "अगं, सातच्या बातम्या हे रात्री साडेबाराला दाखवतंय की!" वाहिनी बरोबर, कार्यक्रम बरोबर, वेळ साडेपाच तास पुढे. साडेपाच हा आकडा दिसला की भारतातल्या माणसानं फार शोधू नये. एक्सएमएलटीव्हीत वेळ एका ओळीत लिहितात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद सगळे चिकटून, आणि पुढे जागा सोडून '+०५३०'. तो शेवटचा तुकडा लिहिला नाही तर वाचणाऱ्यानं ती ग्रीनिचची वेळ, म्हणजे यूटीसी, समजावी असा संकेत आहे. आमच्या फाइलीत काही वाहिन्यांपुढे तो तुकडा होता, काहींपुढे नव्हता. उघड होतं की चार ठिकाणचं गोळा करून एकत्र बांधलंय. कोडीमध्ये पूर्ण गाइड मागेपुढे सरकवायची सोय आहे, अर्ध्या तासाच्या टप्प्यानंही. पण सगळंच साडेपाच तास मागे ओढलं तर नानांच्या बातम्या सातला येतात आणि बाकी निम्म्या वाहिन्यांची सकाळ मध्यरात्री होते. म्हणून दुरुस्ती फाइलीतच, वाहिनीगणिक, एकदाच. माझ्या तक्त्यात त्यासाठी एक अरुंद रकाना वाढला. दाखवणाऱ्या कुठल्याही उपकरणात वेळ सरकवायची नाही हा घरचा नियम आहे, कारण एकानं फाइलीत आणि दुसऱ्यानं टीव्हीत सरकवलं की साडेपाच तासांचाच, पण उलट्या बाजूचा घोळ होतो आणि तो कुठून आला हे कुणालाच आठवत नाही.

वेळेचाच धाकटा भाऊ म्हणजे वीज. नानांच्या खोलीतल्या रास्पबेरी पायला स्वतःचं घड्याळ नाही. लाईट जाऊन आली आणि राउटर अजून उठायचा असला, तर ते बिचारं वीज गेली तेव्हाचीच वेळ धरून बसतं. नाना गाइड उघडतात आणि दुपारी त्यांना सकाळ दिसते. इंटरनेट आलं की आपोआप सुधारतं. यावर इलाज म्हणजे राउटरला छोटा यूपीएस. तो घेतला.

एप्रिल महिन्यात मात्र बसून काम करावं लागतं. फ्री डिशवरच्या एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) जागांचा दरवर्षी ई-लिलाव होतो. मुदत १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे आर्थिक वर्ष बदलतं तशा वाहिन्या बदलतात. मोठे समूहही ये-जा करतात: झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या मार्च २०१९ मध्ये बाहेर पडल्या, २०२० मध्ये परत आल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. रिश्ते मधल्या काळात नाव बदलून कलर्स रिश्ते झालेली, हे वेगळंच. आता गंमत बघा. रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरी वाहिनी आली आणि सेवेचा क्रमांक जुनाच राहिला, तर ज्या तीन आकड्यांचं मी वर एवढं कौतुक केलं तेच दगा देतात. संगणकाच्या लेखी वाहिनी तीच आहे. तो इमानदारीत जुनं वेळापत्रक नव्या वाहिनीवर दाखवत राहतो. गाइडमध्ये चित्रपटांच्या वाहिनीचा चित्रपट, आणि पडद्यावर चाललंय भजन. नाव जसं ओळख नव्हे तसा जागेचा क्रमांकही वाहिनीची ओळख नव्हे. तो खुर्चीचा क्रमांक आहे, बसणाऱ्याचा नाही. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी एकेक वाहिनी उघडून कोपऱ्यातला लोगो डोळ्यांनी बघते आणि शेवटच्या रकान्यात तारीख टाकते. गेलेल्या वाहिनीची ओळ खोडत नाही. 'निर्गत' असा शेरा मारते. परत आली तर तिचा जुना क्रमांक तिला मिळतो, दुसऱ्या कुणाला दिलेला नसतो.

वाहिनी जुळली, वेळ जुळली, की कार्यक्रमाच्या शीर्षकाची पाळी. नानांची ऊसशेती आहे. त्यांना 'आमची माती आमची माणसं' रेकॉर्ड करून हवं असतं, कारण ते लागतं तेव्हा ते रानात असतात. टीव्हीहेडएंडमध्ये शीर्षक सांगून ठेवलं की त्या नावाचा कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होतो. पण कुठलं शीर्षक? गाइडमध्ये ते रोमन लिपीत येतं, आणि 'आमची'ला कधी एक 'ए' कधी दोन, 'माती'चंही तसंच, 'माणसं'चा शेवट तर लिहिणाऱ्याच्या गावावर अवलंबून असावा. इथे नमुना देऊन शोधता येतं हे बरं: आधी एक किंवा दोन 'ए', मग 'एम-सी-एच-आय', पुढे काहीही, मग 'मात'चा आवाज, पुढे काहीही. सैल ठेवलं तर भलतंच पकडतं, घट्ट ठेवलं तर सुटतं. मी थोडं सैल ठेवलंय आणि सोबत वाहिनी ठरवून दिलीय. जादा रेकॉर्ड झालं तर पुसता येतं. राहिलं तर नानांना काय सांगायचं?

देवनागरीत का येत नाही, असं कुणी विचारेल. येऊ शकतं. डीव्हीबीच्या मजकुरात पहिल्या खुणेवरून पुढची लिपी कुठली ते सांगायचं असतं, आणि यूटीएफ-८ साठीही, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारं युनिकोड लिहायच्या पद्धतीसाठीही, खूण ठरलेली आहे. ती खूण टाकायला विसरलं तर वाचणारं यंत्र ठरलेल्या रोमन तक्त्यातून वाचतं आणि डोक्यावर टोप्या घातलेल्या फ्रेंच अक्षरांचा ढीग दाखवतं. यातली एक जुनी नोंद मला फार आवडते. आयएसओ ८८५९ ही संगणकात अक्षरांना आकडे ठरवून देणाऱ्या तक्त्यांची, वेगवेगळ्या लिप्यांसाठी केलेली मालिका. अकरावा भाग थाई लिपीचा, तेरावा बाल्टिक भाषांचा. बारावा नाहीच. तिथे देवनागरी यायची होती. ते काम १९९७ मध्ये सोडून दिलं गेलं. युनिकोड होतंच, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण मालिकेत एक घर आपल्यासाठी मोकळं पडलंय.

आता उरल्या त्या दोन-तीन वाहिन्या, ज्यांचं वेळापत्रक कुठल्याच फाइलीत नाही. अशांसाठी लोक खोटे खोके भरतात: तासातासाचे, आत वाहिनीचंच नाव. गाइड भरलेलं दिसतं. मीही तसं केलं होतं. नानांनी ते बघून विचारलं, "ही दिवसभर एकच कार्यक्रम लावतात होय?" त्यांना भरलेला खोका म्हणजे माहिती वाटते, आणि तसंच वाटायला हवं. मी ते खोके काढून टाकले. तिथे आता रिकामं दिसतं. नाना तिथे बटण दाबून काय चाललंय ते बघतात, आवडलं तर थांबतात, नाहीतर सह्याद्री लावतात.

माझा तक्ता कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवीन. फक्त मार्चमध्ये मागू नका, तोपर्यंत तो शिळा झालेला असतो. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडू द्या.